नवाब, बेगम आणि कोमट पाणी

एकतीस वर्षं मी सरकारी नोकरीत जनावरांचा डॉक्टर होतो. धारणी, वरूड, चांदूर रेल्वे अशी गावं करत शेवटी अकोल्याला निवृत्त झालो आणि तिथेच एक छोटा दवाखाना उघडून बसलो. अडलेल्या गाई सोडवल्या, पोट फुगलेल्या बकऱ्या वाचवल्या, खांदे सुजलेल्या बैलांच्या लाथा खाल्ल्या. पण आज कुठल्याही लग्नात जा, कोणीतरी माझी ओळख करून देताना म्हणतंच, "हे आपले कासववाले डॉक्टर." बायकोला याचा राग येतो. मला येत नाही. कारण कासवाच्या बाबतीत मी आधी सपशेल नापास झालो होतो आणि मग पुन्हा परीक्षा दिली होती, हे मला ठाऊक आहे.

नापास झालो ते चांदूर रेल्वेला. एका वकीलसाहेबांकडून निरोप आला की घरचं कासव खात नाही. गेलो. दिवाणखान्यात माशांची काचेची पेटी, तिच्यात वीतभर पाणी आणि त्या पाण्यात लिंबाएवढं कासव पाय मारत होतं. पाठीवर पिवळ्या चांदण्या. मुलीच्या वाढदिवसाला कोणीतरी हैदराबादहून आणून दिलेलं. "पोहतं बघा कसं!" वकीलसाहेब कौतुकाने म्हणाले. मीही कौतुकाने बघितलं. कॉलेजात आम्हाला गाय, म्हैस, घोडा, कोंबडी शिकवली होती. कासवाचं एक पानही नव्हतं. मी व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं, पाणी रोज बदलायला सांगितलं आणि चहा पिऊन परत आलो. चौथ्या दिवशी ते मेलं.

ते जमिनीवरचं कासव होतं. ते पोहत नव्हतं, बुडत होतं. आणि असं चांदण्यांचं कासव घरात पाळणं हा गुन्हा आहे, ते वनखात्याच्या ताब्यात द्यायला हवं, हे सांगणंही माझंच काम होतं. दोन्ही गोष्टी मला नंतर कळल्या. वकीलसाहेबांनी मला कधी बोल लावला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं.

पुढे दोनेक वर्षांनी रेल्वेत एक बेवारस पिशवी सापडली. तिच्यात पायमोज्यांत गुंडाळलेली, वरून चिकटपट्टी मारलेली चांदण्यांची एकतीस पिल्लं. वनखात्याने ती अमरावतीबाहेरच्या एका शेडमध्ये ठेवली आणि डॉक्टर म्हणून मला बोलावलं. मी सुया, सलाईन, औषधांची पेटी घेऊन हजर. शेडची राखण करणारा मोतीराम नावाचा माणूस होता. धारणीच्या पलीकडचा, कोरकू, पन्नाशीचा, बोलायला कंजूस. मी सुई भरायला लागलो तसा तो म्हणाला, "साहेब, सुई मंग. पयले पानी."

"पाणी पाजायचं?"

"नाही. बसवायचं."

त्याने चुलीवर पाणी कोमट केलं, पसरट परातीत ओतलं आणि कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी पाहतात तसं. मग एकेक पिल्लू अलगद ठेवलं. पाणी किती, तर खालचं कवच आणि वरचं कवच जिथे जुळतं त्या शिवणीपर्यंत. हनुवटी पाण्याच्या वर. पिल्लाला मान उचलून ठेवण्याचे कष्ट पडता कामा नयेत. दोन मिनिटं काही झालं नाही. मग एका पिल्लाने डोळे उघडले, मान खाली केली आणि नाकापर्यंत तोंड बुडवून ते पाणी पिऊ लागलं. गळा हलताना दिसत होता. मग दुसरं. मग पाचसहा एकदम. वीस मिनिटांनी परातीतलं पाणी घाण झालं, तेव्हा मोतीराम पहिल्यांदा हसला. "आता पोट चालू झालं. आता पाला खाईन."

एकतीसपैकी सत्तावीस जगली आणि जंगलखात्याने पुढे ती त्यांच्या मुलखात पाठवली. माझ्या पेटीतल्या अर्ध्या औषधांना हातही लागला नाही. मी मोतीरामकडून जे शिकलो ते एवढंच: कासवाच्या पिल्लाला रोज पंधरावीस मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं, मग पुसून कोवळ्या उन्हात सोडायचं, जवळ सावली ठेवायची, आणि खायला हिरवा पाला द्यायचा. हरळी, केना, तांदुळजा, जास्वंदीची पानं, तुतीची पानं. कवच घट्ट व्हायला समुद्रफेन घासून चिमूटभर भुकटी. समुद्रफेन आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. ही सगळी विद्या एका ओळीत मावते. पण ती लोकांच्या गळी उतरवायला आयुष्य पुरत नाही.

हे मला नसीमाबाजींनी शिकवलं.

नसीमाबाजी म्हणजे उर्दू शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. जुन्या अकोल्यात एकट्या राहायच्या. नवरा वारलेला, मुलगा पुण्यात नोकरीला. एका मार्च महिन्यात त्या माझ्या दवाखान्यात आल्या. पांढरा दुपट्टा, हातात स्टीलचा डबा. बाकावर बकरी घेऊन गुलाबराव बसले होते. गुलाबराव माझे नेहमीचे. बकरीला काही झालेलं नसलं तरी यायचे, कारण दवाखान्यात पंखा होता.

"डाक्टरसाब, तुमी बकऱ्याच पाहता का दुसरंबी काही पाहता?"

"दाखवा तर."

त्यांनी डबा उघडला. आत मऊ फडक्यावर दोन कासवं, बटाट्याएवढी, मातकट रंगाची. पहिली गोष्ट मी पाहिली ती पाठ. चांदण्या नव्हत्या. आफ्रिकेतली जात.

"बाजी, पाठीवर चांदण्या असत्या ना, तर मी तुमची तक्रारच केली असती."

"या अल्ला! मले अटक?"

"आणि याही जातीची नोंद करावी लागते. कागद आहेत का?"

"पोराकडं हाईत. त्यानंच घेतले, नातीसाठी. तिले सर्दी झाली तर सुनेनं म्हटलं, घरात जनावर नको. मंग माह्याकडं आणून सोडले." त्यांनी बोट दाखवलं. "हा नवाब. हे बेगम. नातीनं नावं ठेवली."

"बेगम आहे की नवाब ते अजून आठदहा वर्षं कळणार नाही."

"मले कळते," बाजी म्हणाल्या. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

नवाब सुस्त होता, पण हातात घेतल्यावर पाय ओढून घेत होता. बेगम मात्र नुसती पडून होती. डोळे आत गेलेले, कवच बोटाने दाबलं तर किंचित दबत होतं. वजन एकेचाळीस ग्रॅम. मी विचारलं, खायला काय देता?

"टोस्ट. बिस्किट. चण्याची डाळ भिजवून, ताकद यावी म्हणून."

"आणि पाणी?"

"पाणी बिलकूल नाही!" बाजी ठसक्यात म्हणाल्या. "पोरानं फोनवर व्हिडिओ दाखवला ना. हे रेगिस्तानचं जनावर. पाणी दिलं का मरते."

मला चांदूर रेल्वेचं ते लिंबाएवढं कासव आठवलं. ते पाण्यात बुडून गेलं आणि हे पाण्यावाचून चाललं होतं. वाळवंटातलं मोठं कासव जमिनीत खोल बीळ करून त्या ओलाव्यात राहतं. पिल्लं तर जन्मापासून ओलाव्यातच असतात. हे त्या व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. त्यात डाळीची ताकद. कासवाच्या लघवीत पांढरी, चुन्याच्या निवळीसारखी घाण बाहेर पडते. पाणी कमी आणि डाळ जास्त झाली, की त्याच घाणीचा आत सुकून खडा होतो. कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या एका ओळखीच्या डॉक्टरकडून एक्सरे काढून आणला. बेगमच्या पोटात, बाहेर पडायच्या वाटेवरच, तुरीच्या डाळीएवढा ठिपका होता.

एवढ्याशा जिवाचं ऑपरेशन म्हणजे जुगार. मी बाजींना खरं सांगितलं. "खडा अजून लहान आहे. आतून पाणी मिळालं तर सरकेल. दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास कोमट पाण्यात बसवायचं. सरकला तर जगेल. नाही सरकला तर मी कापून बघेन, पण भरवसा देणार नाही."

"घरी करू?"

"सकाळचं घरी करा. दुपारचं माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवसापासून बाजी रोज चार वाजता ऑटोने येऊ लागल्या. सोबत शाळेचं हजेरीपुस्तक. त्यात दोन नावं लिहिलेली, नवाब आणि बेगम, आणि पुढे रकाने: पाणी, पाला, शी. मी इमानदारीने सांगतो, माझ्या एकाही रुग्णाचा इतका स्वच्छ कागद मी नोकरीत पाहिला नव्हता. मी परातीत पाणी ओतायचो, बाजी कोपर बुडवून "जरा थंड हाय" म्हणायच्या, मी भर घालायचो. बेगमला पाण्यात ठेवायचं आणि बघत बसायचं.

गुलाबराव पहिले दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "डाक्टर, एवढ्याशा जनावराले गरम पान्याची अंघोळ, अन् माह्या बकरीले फकत गोळी? कावून?"

"तुमच्या बकरीला काही झालेलंच नाही."

"तिले वाटून राहिलं ना पन!"

बकरीही खरोखर परातीकडे टक लावून होती.

नवाब चौथ्या दिवशी सुधारला. जास्वंदीचं पान समोर धरलं तर त्याने मान ताणली, तोंड उघडलं, पान चुकलं आणि पुन्हा प्रयत्न करून पकडलं. बाजींनी रकान्यात लाल शाईने बरोबरची खूण केली. आमच्या अंगणातली जास्वंद त्या महिन्यात पार बोडकी झाली. पूजेला फूल नाही म्हणून बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बेगम मात्र पाणी प्यायची, डोळे उघडायची आणि तेवढंच. सातवा दिवस गेला, आठवा गेला. दहाव्या दिवशी मी मनातल्या मनात ऑपरेशनची तयारी सुरू केली आणि बाजींना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"डाक्टरसाब, तुमी कच्चं पोरगं सातवीत नापास करता का त्याले अजून एक साल देता?"

"बाजी, ही शाळा नाही."

"अजून दोन रोज द्या," त्या म्हणाल्या. हुकूम नव्हता तो. "नातीले रोज फोनवर सांगतो मी, बेगम बरी हाय. झूट बोलतो. या वयात झूट."

मी दोन दिवस दिले.

पुढच्याच दुपारी, पाण्यात बसून पाच मिनिटं झाली असतील, बेगमने मागचे पाय ताणले. अंग आक्रसलं. पुन्हा ताणले. गुलाबराव बाकावरून उठून उभे राहिले. पाण्यात पांढऱ्या निवळीचा ढग पसरला आणि त्या ढगातून एक खडबडीत पांढरा खडा टप्पकन परातीच्या तळाला बसला. मी तो चिमट्याने उचलून बाजींच्या तळहातावर ठेवला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग दुपट्ट्याने डोळे पुसले, बाहेर गेल्या आणि समोरच्या दुकानातून अर्धा किलो पेढे घेऊन आल्या. बाकावरच्या सगळ्यांना दिले. गुलाबरावांनी दोन घेतले, एक बकरीच्या नावाने.

"मुतलं म्हनून पेढे वाटनारं घर म्या पयल्यांदाच पाहिलं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी बेगमने तांदुळजाचं एक पान खाल्लं. अख्खं.

बरं झाल्यावर बाजींचं दवाखान्यात येणं कमी झालं, मग महिन्यातून एकदा वजनापुरतं राहिलं. वर्षभरात दोघं मुठीपेक्षा मोठी झाली. अशाच एका भेटीत त्यांनी सहज विचारलं, "डाक्टरसाब, हे कितीक वर्सं जगते?"

"नीट सांभाळलं तर सत्तरऐंशी वर्षं. आणि वाढून पोत्याएवढं होतं."

बाजींनी डब्याचं झाकण लावता लावता हात थांबवला. "मी अडुसष्टची हाय."

जनावराचं आयुष्य माणसापेक्षा कमी असतं, हे गृहीत धरूनच आम्हा डॉक्टरांचं सांत्वनाचं सगळं बोलणं बेतलेलं असतं. इथे उलटं होतं.

त्याच वर्षी बाजींचा हजला नंबर लागला. किती वर्षं वाट पाहिली होती त्यांनी! आनंदाने सांगायला येतील असं मला वाटलं, तर येऊन म्हणाल्या, "मी नाही जात. चाळीस रोजाच्या वर लागतात. यांले कोन पाहीन?"

मी पहिल्यांदा आणि शेवटचं बाजींवर रागावलो. "बाजी, कासव पाहायला माणूस मिळेल. हजला तुमच्याऐवजी कोण जाणार?"

माणूस मिळालाही. समोरच्याच घरात शबाना राहायची, कपडे शिवायची. बाजींची जुनी विद्यार्थिनी. तिशी ओलांडली होती, दोन पोरांची आई होती, तरी बाजींसमोर अजून पदर नीट करून उभी राहायची. बाजींनी तिची पंधरा दिवस शिकवणी घेतली आणि मग तोंडी परीक्षा. परीक्षक म्हणून मला बोलावलं.

"पानी कितीक?"

"शिवणीपर्यंत, बाजी."

"कोमट हाय का, कसं पाहाचं?"

"कोपरानं."

"काकडी मांगली तर?"

"ते मांगत नाही, बाजी. दिसली का धावून येते. पन द्यायची नाही, नुसतं पानीच असते तिच्यात."

"पास," मी म्हणालो. बाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला घाईने "काठावर" असं जोडावं लागलं.

बाजी गेल्या. दर सोमवारी मी बाजींच्या घरी जाऊन वजन करायचो. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. दुपारी अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. शबानाने बाजींच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली गोणपाट ओलं करून टांगलं होतं, शिंपी माणूस असल्याने त्याला झालरही लावली होती.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवार नसताना, तिचा फोन आला. "डाक्टरसाब, बेगम नाही!"

गेलो तेव्हा अर्धी गल्ली अंगणात होती. फाटक बंद होतं, नालीला जाळी होती. पाण्याच्या टाकीमागे पाहिलं, चपलांच्या ढिगात पाहिलं, कोणीतरी कपाटावरही पाहिलं. शबाना रडून रडून बेजार. "बाजी हजमधून येतीन तर मी काय तोंड दाखवू?" त्यातच बाजींचा व्हिडिओ कॉल. रोज याच वेळी त्या दोघांना पाहायच्या. शबानाने माझ्याकडे पाहिलं. मी, वयाने पासष्ट, निवृत्त अधिकारी, मान हलवली: दाखव.

तिने नवाबला उचलून दाखवलं. "हा नवाब, बाजी." मग फोन खाली केला, वर केला. "अन् हे बेगम."

मग मक्केहून, त्या गर्दीच्या कोलाहलातून, वर्गावरचा आवाज आला. "शबाना. एका पोराची दोनदा हाजरी लावून राहिली का?"

खरं सांगावंच लागलं. मला वाटलं आता त्या खचतील. पण बाजी हळू म्हणाल्या, "मी इथं दुआ करतो. तुमी तिथं शोधा. डाक्टरसाब हाईत ना?"

त्या "हाईत ना"ने माझं डोकं चाललं. ही जात बीळ करते, हे मीच बाजींना सांगितलं होतं, आणि आम्ही सगळे तीन तास जमिनीच्या वर शोधत होतो! एवढ्या उन्हात ती ओलावाच शोधणार. ओलावा कुठे, तर लिंबाच्या आळ्यात. तिथली माती एका बाजूला भुसभुशीत होती. खणायचं म्हटलं तर कुदळ तिलाच लागायची भीती. मी सगळ्यांना मागे सारलं आणि शबानाला सांगितलं, "पाणी कोमट कर. आळ्यात हळूहळू ओत, अंघोळीला ओततेस तसं."

तिने एक तांब्या ओतला. दुसरा. तिसऱ्या तांब्याला माती हलली. आधी नाक दिसलं, मग चिखलाने माखलेलं डोकं, आणि बेगम अर्धी वर येऊन, झोपमोड केलेल्या माणसासारखी आमच्याकडे बघत थांबली. गल्लीत टाळ्या पडल्या. शबानाने तिला तशीच चिखलासकट छातीशी धरली. अंगावर नवा कुडता होता, गिऱ्हाइकाचा, मापाला घातलेला.

बाजी परतल्या त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. पुण्याहून मुलगा, सून, नात आलेले. खजूर, झमझमचं पाणी, गळाभेटी. मीही गुलाबरावांना घेऊन गेलो होतो. बाजी काळवंडल्या होत्या, बारीक झाल्या होत्या, पण चेहरा उजळ होता. सगळ्यांना भेटून झाल्यावर त्या मागच्या अंगणात आल्या. मागोमाग नात, शबाना आणि मी. बाजींनी स्वयंपाकघरातला वजनकाटा मागितला, हजेरीपुस्तक उघडलं. जाण्याआधीचं वजन त्यांच्या अक्षरात होतं, त्यापुढची सगळी पानं शबानाच्या.

आधी नवाबला ठेवलं. सहाशे पंचावन्न. जाताना सहाशे दहा होता. मग बेगम. पाचशे नव्वद. जाताना पाचशे चाळीस.

बाजी आकड्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं चूक काढतील, काटा पुन्हा लावायला सांगतील. त्या शबानाकडे वळल्या.

"वाढले," त्या म्हणाल्या. "मी नव्हती, तरी वाढले."

आवाजात थोडा रुसवा होता आणि बरीच सुटका. मग त्यांनी पुस्तक मिटलं, शबानाच्या हातात दिलं आणि नातीला म्हणाल्या, "जा, पानी गरम कर. आज तू बसव त्यांले. कोपर बुडवून पाहाय पहिले."